सोयीचं लग्न आणि गैरसोयीची होराशिया

दोस्तांनो, आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वहीचं पान फाडून, दोन्ही बाजूंनी गच्च भरून लिहिलेलं. सुट्टीत मावशीकडे गेली होती, तिथल्या कपाटात तिला एक इंग्रजी कादंबरी सापडली. मुखपृष्ठावर घेरदार झग्यातली मुलगी आणि पांढऱ्या केसांचा टोप घातलेला माणूस. नाव, 'द कन्व्हीनिअंट मॅरेज'. म्हणजे 'सोयीचं लग्न'! चाळीसेक पानं झाली आणि आईनं पुस्तक काढून घेतलं. "लग्नाबिग्नाच्या कादंबऱ्या दहावीनंतर!" आता मैत्रीण विचारते, "यात वाचू नये असं काय आहे? आणि पुढे काय होतं तेवढं तरी सांगा ना!"

पुढे काय होतं ते सगळं काही मी सांगणार नाही. गोष्ट फोडणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. पण हे पुस्तक मीही तुमच्याएवढी असतानाच वाचलंय, आणि आमच्या घरात त्यावरून जे झालं ते मात्र आज सांगणार आहे. तेव्हा आईलाही हे पान वाचायला द्या.

साल १७७६. लंडन शहर. (इतिहासाच्या पुस्तकात हे साल शोधा बरं. ४ जुलैला अमेरिकेनं स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, आणि त्याआधी १ मार्चला आपल्याकडे पुरंदरचा तह झाला. सवाई माधवराव तेव्हा दोन वर्षांचेही नव्हते.) तर त्या लंडनमध्ये विनवूड नावाचं एक खानदानी घराणं आहे. खानदान मोठं, तिजोरी रिकामी. भाऊ पेलम हा उमदा पण जुगारी. घरात तीन मुली. थोरली एलिझाबेथ रूपानं देखणी, मधली शार्लट गंभीर चेहऱ्याची, आणि धाकटी होराशिया. घरातले तिला 'हॉरी' म्हणतात.

अर्ल ऑफ रूल हा बडा श्रीमंत सरदार एलिझाबेथला मागणी घालतो. घरात आनंदीआनंद! कर्जं फिटणार! पण एलिझाबेथचा जीव जडलाय एडवर्ड हेरन या लेफ्टनंटवर. अमेरिकेतल्या लढाईत जखमी होऊन परतलेला हा तरुण, खिशानं अगदी हलका. एलिझाबेथ रडते, पण 'नाही' म्हणत नाही. नाही म्हणण्याची सोयच नाही. मधली शार्लट म्हणते, मला लग्नच करायचं नाही.

मग होराशिया काय करते? टोपी घालते आणि थेट त्या सरदाराच्या वाड्यावर जाते! सोबतीला वडीलधारं कुणी नाही. वय वर्षं १७. आणि त्याला सांगते, माझ्या बहिणीशी लग्न करू नका, माझ्याशी करा.

आता ही होराशिया दिसायला कशी? कादंबरीतली नायिका म्हटली की चाफेकळी नाक आणि हरिणीचे डोळे, हो ना? हिच्या भुवया जाड आणि सरळ, पट्टीनं आखल्यासारख्या. उंची बेताची. आणि बोलताना ती अडखळते. 'क', 'प' अशी अक्षरं तिच्या जिभेवर अडून बसतात. लेखिकेनं तिचं प्रत्येक वाक्य तसंच, अडखळत छापलंय. होराशिया स्वतःच ही सगळी यादी सरदारापुढे वाचते. भुवया अशा आहेत, बोलणं असं आहे, उंची काही आता वाढेलसं वाटत नाही. एक नाक मात्र अस्सल विनवूडांचं आहे! आणि तुमच्या आयुष्यात मी ढवळाढवळ करणार नाही, असं वचनही देते. वर जाता जाता एडवर्डच्या बढतीचंही जमतंय का पाहा म्हणून सांगते. पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे मुलीनं आपले दोष आपणच मोजून दाखवावेत, असं तुम्ही कधी ऐकलंय?

सरदार हसतो. पण तिला हसत नाही, हा फरक लक्षात ठेवा. तो तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतो. शब्द अडला तर स्वतः पुरा करून देत नाही, थांबतो. तुमच्या वर्गात कुणी अडखळत बोलणारं असेल तर त्याला विचारा, हे थांबणं किती जणांना जमतं ते.

आणि लग्न ठरतं.

इथून पुढे नुसती धमाल आहे. होराशियाला पत्त्यांच्या डावाचं वेड लागतं. मदतीला जाणारा भाऊ दर वेळी घोळ वाढवून ठेवतो. लेथब्रिज नावाचा एक दुष्ट, पण हुशार उमराव रूलवरचा जुना डूख काढायला टपलेला. एका रात्री होराशियाला भलत्याच घरात नेऊन पोचवलं जातं, आणि ती शेकोटीतली लोखंडी सळई उचलून समोरच्याच्या टाळक्यात हाणते! या झटापटीत तिच्या झग्यावरचा किमती ब्रूच तिथंच पडतो. आता तो परत कसा मिळवायचा, नवऱ्याला कळू न देता? भाऊ आणि त्याचा मित्र चक्क वाटमाऱ्यांचं सोंग घेऊन रस्त्यावर गाडी अडवायला उभे राहतात. रूलचा एक चुलतभाऊ आहे, क्रॉस्बी. हा 'मॅकरोनी'. म्हणजे खायची नव्हे! त्या काळी लंडनमध्ये उंचच उंच टोप, घट्ट कोट आणि अत्तराचा घमघमाट अशी फॅशन करणाऱ्या छैलछबिल्या पुरुषांना मॅकरोनी म्हणत. 'यांकी डूडल' या गाण्यात मॅकरोनी येते ना, ती हीच.

बस्स. गोष्ट इथं थांबवते.

आता मैत्रिणीच्या आईच्या बाजूनं बोलू. त्यांची काळजी काही अगदीच खोटी नाही. मुलगी १७ वर्षांची आणि नवरा ३५ चा. अठरा वर्षांचं अंतर! आज आपल्या देशात मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ पूर्ण झाल्याशिवाय लग्न करता येत नाही, म्हणजे होराशियाचं लग्न आपल्याकडे बेकायदा ठरलं असतं. लेखिका हे अंतर गमतीत नेते. मला मोठेपणी पुन्हा वाचताना ते टोचलं. 'संगीत शारदा' हे गोविंद बल्लाळ देवलांचं नाटक तुम्ही ऐकलं असेल, १८९९ साली रंगभूमीवर आलं. त्यात बाप पैशासाठी आपल्या लहान मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावायला निघतो. तिथं हसू येता येता घशात अडकतं. रूल म्हातारा नाही, सज्जन आहे, देखणा आहे, हे सगळं खरं. पण तो तसा नसता तर? होराशियाचं नशीब चांगलं म्हणून ही कादंबरी हलकीफुलकी झाली, एवढंच.

कारण कायदा तिच्या बाजूनं अजिबात नव्हता. १७५३ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड हार्डविकचा विवाह कायदा आला. लग्न चर्चमध्येच लागलं पाहिजे. त्याआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारायची, नाहीतर परवाना काढायचा. आणि २१ वर्षांखालच्यांना परवाना हवा असेल तर वडिलांची किंवा पालकांची संमती हवी. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. मग काय, प्रेमी जोडपी घोडागाडी पळवत सरहद्द ओलांडायची. पलीकडचं पहिलंच गाव ग्रेट्ना ग्रीन. तिथं दोन साक्षीदारांसमोर 'आम्ही नवराबायको' म्हटलं की झालं लग्न! गावचा लोहारही लग्नं लावायचा. खोटं वाटतंय? आजही हौसेनं तिथं जाऊन लग्न करणारे पुष्कळ आहेत.

लग्नानंतरची गोष्ट मात्र गमतीची नाही. बायकोकडची रोख, दागिने, सामान, सगळं नवऱ्याच्या मालकीचं होई. तिच्या नावावर वेगळं काही राहावं असं वाटत असेल तर माहेरच्यांनी लग्नाआधीच करार करून घ्यायचा. हातखर्चाला दरसाल किती, नवरा वारला तर पोटगीला किती, हे वकील बसून ठरवत. बायकांना आपली मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवण्याचा पुरता हक्क तिथं मिळाला तो १८८२ च्या कायद्यानं. म्हणजे होराशियाच्या नंतर शंभराहून अधिक वर्षांनी! आता पुन्हा विचार करा. ज्या मुलीच्या मालकीचं काहीच नाही, ती त्या वाड्याचं दार वाजवते आणि म्हणते, सौदाच व्हायचा असेल तर अटी मी सांगते.

हे लिहिणारी जॉर्जेट हेयर कोण? जन्म १९०२ चा, लंडनजवळ विम्बल्डनचा. भाऊ बोरिस सतत आजारी असे. त्याचं मन रमावं म्हणून तिनं एक साहसकथा रचून सांगायला सुरुवात केली. तीच १९२१ साली 'द ब्लॅक मॉथ' नावानं पुस्तक होऊन आली. लेखिकेचं वय तेव्हा १९! पुढे तिनं खाणीत काम करणाऱ्या इंजिनियरशी लग्न केलं. त्याच्याबरोबर ती आफ्रिकेत टांगानिकात (आजचं टांझानिया) गवतानं शाकारलेल्या झोपडीत राहिली. १९२६ साली तिचं 'दीज ओल्ड शेड्स' खूप गाजलं. 'सोयीचं लग्न' आलं १९३४ मध्ये. वर्तमानपत्रांना मुलाखती द्यायचं ती कायम टाळायची, पण अभ्यास असा, की टोपांची तऱ्हा, गाड्यांचे प्रकार, पत्त्यांचे डाव, सगळ्याच्या टिपणवह्या भरलेल्या. १९७४ साली ती गेली. तिचं सगळंच डोळे मिटून वाचावं असं मात्र मी म्हणणार नाही. 'द ग्रँड सोफी' या एरवी मजेदार कादंबरीत तिनं एका ज्यू सावकाराचं चित्र जातीचा तिरस्कार करत रंगवलंय. ती पानं मला आवडत नाहीत. आईबाबांनी ती मुलांबरोबर बसून वाचावीत आणि बोलावं.

आता आमच्या घरची गोष्ट.

मी दहावीत होते. गल्लीतल्या लायब्ररीत एका पुस्तकाला दिवसाला २५ पैसे पडत. तिथून हे पुस्तक आणलं होतं आणि दुपारी माजघरात पालथी पडून वाचत होते. आजी तांदूळ निवडत होती.

"काय गं वाचत्येस एवढं हसत?"

सांगितलं. मग रोज दुपारी तेवढी पानं मी मराठीत सांगायची आणि आजीनं तांदूळ निवडायचे, असं सुरू झालं. होराशियाला ती 'हारी' म्हणायची. लंडनच्या बायका चार पावलं जायला खुर्चीच्या मेण्यातून जातात, दोन माणसं ती वाहून नेतात, हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आपला मेणाच की! राजापूरच्या खोतिणीचा होता." हारी एकटी वाड्यावर जाते ते सांगितलं, तर सुपातले हात थांबले.

"एकटी गेली?"

"हो."

"आणि त्यानं आत घेतलं?"

"हो. आणि सगळं ऐकून घेतलं."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आम्हांला नाही हो कुणी विचारलं."

आजीचं लग्न झालं १९३१ साली, तेराव्या वर्षी. त्याच्या आधीच हरविलास सारडांचा कायदा झाला होता, १९२९ मध्ये. मुलीचं वय निदान १४ हवं असं त्यात होतं. आपल्याकडे बरेच जण त्याला 'शारदा कायदा' म्हणतात, जणू देवलांच्या शारदेच्याच नावानं आलाय! आजीच्या गावात मात्र ना सारडा पोचले होते, ना शारदा. आजोबांचं दुकान होतं, आजीच्या वडिलांवर दुकानाची उधारी होती. दोन्हीकडची सोय झाली. आजी हे सगळं तक्रार म्हणून सांगत नव्हती. आजोबा भले होते, तिच्या शब्दाला मान होता. पण दुसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "हारी बहिणीसाठी गेली, की तिला तो आवडला होता म्हणून गेली?" मी म्हटलं, पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं नाही. "मग नीट वाच," आजी म्हणाली. तुम्हीही नीट वाचा. माझं उत्तर तेव्हा एक होतं, आता दुसरं आहे.

ते संपल्यावर आजीच्या आग्रहानं याच लेखिकेचं दुसरं आणलं, 'अ सिव्हिल काँट्रॅक्ट', १९६१ सालचं. यातही सोयीचं लग्न, पण धमाल कमी आणि मनातलं जास्त. अ‍ॅडम हा सैन्यातला कॅप्टन. वडील वारतात आणि मागे कर्जाचा डोंगर ठेवतात. त्याचं मन सुंदर ज्युलियावर, पण घर वाचवायला तो एका धनाढ्य व्यापाऱ्याच्या मुलीशी, जेनीशी लग्न करतो. जेनी ठेंगणी, जाडसर, चारचौघींसारखी. आणि ती त्याच्यावर आधीपासून मनातून प्रेम करत असते, हे त्याला ठाऊकच नसतं! सासरे तर अफाट. जावयाचं घर असं सजवतात, की सोफ्याला मगरीचे पाय!

शेवटाकडे वॉटर्लूची लढाई येते, १८ जून १८१५. लंडनमध्ये अफवा उठते की वेलिंग्टन हरला. सगळे घाबरून सरकारी रोखे विकायला धावतात. सासरेही म्हणतात, विक. अ‍ॅडम म्हणतो, मी त्या माणसाच्या हाताखाली लढलोय, तो हरणार नाही. आणि तो उलट खरेदी करतो! (हा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली बरं का, जो १८०३ साली आपल्या जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला.) पैसा आला, आता सासऱ्यांच्या उपकाराची गरज उरली नाही. मग जेनीची? ते वाचा.

जेनी त्याला काय आवडतं, काय नाही, हे न बोलता टिपून ठेवते, त्याचा चहा, त्याची खोली, त्याचा शांतपणा. मी नाक मुरडून म्हटलं, "किती बोअर!" आजी म्हणाली, "तुला हारी आवडणारच. पण घर जेनीच्या जिवावर चालतं." आणि थोड्या वेळानं, "पण तिचा तो कॅप्टन तिला विचारतो का कधी, तुला काय आवडतं म्हणून?" या प्रश्नावर मी पानं उलटून पाहिली. उत्तर सापडायला वेळ लागला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ताईला मुंबईचं स्थळ सांगून आलं. ताई बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. मुलगा बँकेत, स्वतःचा ब्लॉक, हुंडा नको. सगळं सोयीचं. बाबांनी रविवार ठरवून टाकला, आई पोह्यांचा हिशेब करायला लागली. रात्री जेवताना आजीनं ताटावरून मान वर न करता विचारलं, "तिला विचारलंत?"

बाबा म्हणाले, "आई, चांगलं स्थळ आहे."

"स्थळ चांगलंच आहे. तिला विचारलंत का, ते मी विचारत्येय."

कुणी बोलेना. ताईचा घास तसाच हातात. मग ती म्हणाली, परीक्षा होऊ द्या, आणि नंतर मला आधी त्यांच्याशी बोलायचंय, एकटीला. 'एकटीला' म्हणताना तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. बाबा रागावले. दोन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुंबईला पोस्टकार्ड लिहिलं: परीक्षेनंतर पाहू. त्या लोकांना घाई होती, ते स्थळ गेलं. आई कितीतरी दिवस हळहळत होती. ताईचं लग्न झालं ते तीन वर्षांनी, नोकरी लागल्यावर, आणि त्या माणसाला ती आधी इराण्याच्या हॉटेलात चहा प्यायला घेऊन गेली होती. बिल तिनं दिलं.

मैत्रिणी, पुस्तक परत मिळालं तर सुरुवातीला घाबरू नकोस. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, नावं आणि पदव्या लांबलचक. पहिल्या दोन प्रकरणांत कोण कुणाचं कोण, याचा एक तक्ता वहीत करून ठेव. पिकेटच्या डावाची वर्णनं कळली नाहीत तरी अडत नाही, मलाही कळली नव्हती. आणि आईला म्हणावं, तू रोज दहा पानं ऐक, मी सांगते. भाजी निवडतानाही चालेल.

बाकीच्यांनी पोस्टकार्डावर कळवा: हारी कुणासाठी गेली? बहिणीसाठी, की स्वतःसाठी? कारण लिहायला विसरू नका. नुसतं 'बहिणीसाठी' लिहून पाठवणाऱ्यांची कार्डं मी आजीच्या सुपात टाकणार आहे!